युद्धाची भीती, क्रांतीची भीती आणि १८१५ नंतरचा युरोप

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘कॉन्सर्ट ऑफ युरोप’ (नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपातल्या बड्या सत्तांनी चालवलेली सल्लामसलतीची व्यवस्था) म्हणजे ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निक याने राजेशाह्या टिकवण्यासाठी जमवलेली प्रतिगामी टोळी आणि ती १८२३ मध्ये मोडली, असं अभ्यासक्रमात शिकवलं जातं. दुसरीकडे, याच व्यवस्थेमुळे युरोपला शंभर वर्षं शांतता लाभली असंही वाचायला मिळतं. यातलं खरं काय? बड्या सत्ता एकत्र राहिल्या त्या पुराणमतवादी होत्या म्हणून का? आणि ही व्यवस्था संपली तरी नेमकी कधी?

हा काळ मी बरीच वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवत आलो आहे. दर वर्षी वर्गाचे दोन तट पडतात. एकाला मेटर्निक खलनायक वाटतो, दुसऱ्याला शांतिदूत. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा पसारा कशासाठी मांडला आहे ते कळेल. १८१५ च्या पिढीतल्या सत्ताधाऱ्यांची एक पक्की समजूत होती की मोठं युद्ध झालं की त्याच्या मागोमाग क्रांती येते. ही समजूत होती तोवर त्यांनी स्वतःला आवरलं आणि एकमेकांनाही आवरलं. पुराणमतवादाने सहकार्याला कारण दिलं ते इथे. पण त्याच पुराणमतवादाच्या नावाखाली दुसऱ्यांच्या घरात पोलीसगिरी सुरू झाली तेव्हा ही मंडळी पाचेक वर्षांत फुटली. आणि शतकाच्या मध्यावर पुराणमतवाद्यांच्या पुढच्या पिढीला उमगलं की युद्ध नीट हाताळलं तर क्रांती रोखताही येते. तिथे जुन्या व्यवस्थेचा प्राणच गेला.

आधी शंभर वर्षांचा हिशेब नीट करू. ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया, प्रशिया आणि फ्रान्स या पाच बड्या सत्तांपैकी कोणत्याही दोघांत १८१५ ते १८५४ या काळात युद्ध झालं नाही. पुढच्या सतरा वर्षांत चार झाली: क्रिमिया (ब्रिटन-फ्रान्स विरुद्ध रशिया), १८५९ चं फ्रान्स-ऑस्ट्रिया, १८६६ चं प्रशिया-ऑस्ट्रिया आणि १८७० चं फ्रान्स-प्रशिया. त्यानंतर १९१४ पर्यंत पुन्हा शांतता, पण तिची जात वेगळी. ती लष्करी करारांच्या आणि वाढत्या फौजांच्या धाकावर टिकलेली होती. म्हणजे खरं कोडं आहे ते पहिल्या चाळीस वर्षांचं. अठराव्या शतकात असा सलग काळ शोधूनही सापडत नाही. तेव्हा वारसाहक्काचा वाद निघाला की फौजा निघाल्याच.

ही चाळीस वर्षं समजून घ्यायची तर टेबलाभोवती बसलेल्या माणसांकडे बघा. मेटर्निकचा जन्म १७७३ मध्ये कोब्लेंट्झचा, ऱ्हाइनकाठचा. जुलै १७८९ मध्ये तो स्ट्रासबुर्गला शिकत होता आणि तिथलं नगरभवन जमावाने लुटताना त्याने पाहिलं. पुढे फ्रेंच फौजा ऱ्हाइनपर्यंत आल्या आणि घराण्याच्या जमिनी गेल्या. तो ज्या साम्राज्याचा मंत्री झाला त्याची राजधानी नेपोलियनने १८०५ आणि १८०९ अशी दोनदा घेतली, १८११ मध्ये सरकारी तिजोरीने दिवाळं काढलं. प्रशियाचं बर्लिन १८०६ मध्ये पडलं, १८१२ मध्ये मॉस्को जळलं. राजधानीत किंवा मोठ्या शहरात शत्रू न पाहिलेले एकटे इंग्रज, आणि त्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता.

या माणसांनी गेल्या पंचवीस वर्षांतून जो धडा घेतला तो भाबडा नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतून फ्रान्सचा खजिना रिकामा झाला, म्हणून सोळाव्या लुईला १७८९ मध्ये इस्टेट्स जनरल ही प्रजेच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली. १७९२ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रिया-प्रशियाचं सैन्य फ्रान्समध्ये घुसलं आणि सप्टेंबर संपायच्या आत तिथली राजेशाहीच संपली. १८१३ मध्ये प्रशियाच्या राजाला प्रजेला हाक देऊन लढावं लागलं, आणि मे १८१५ मध्ये त्याच प्रजेला राज्यघटनेचं वचन द्यावं लागलं. (ते वचन पुढे तेहतीस वर्षं कागदावर राहिलं, पण द्यावं लागलं हे महत्त्वाचं.) युद्ध म्हणजे फौज, फौज म्हणजे कर, कर म्हणजे प्रजेला विचारणं आणि विचारलं की ती मागण्या करणार. ही साखळी त्यांनी अनुभवली होती. म्हणून त्यांना शांतता हवी होती. त्यामागचा हेतू काही फार उदात्त नव्हता, पण पक्का होता.

या भीतीचं धोरणात रूपांतर कसं झालं? मार्च १८१४ मध्ये शोमाँ इथे ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया या चौघांनी करार केला: प्रत्येकाने दीड लाख सैनिक मैदानात ठेवायचे, ब्रिटनने वर्षाला पन्नास लाख पौंड द्यायचे, कोणी वेगळा तह करायचा नाही आणि मैत्री वीस वर्षं टिकवायची. युद्ध संपल्यावरही दोस्ती चालू ठेवायची, ही त्यातली नवी गोष्ट. पण म्हणून नवा नकाशा ठरवायला भरलेल्या व्हिएन्नाच्या परिषदेत सगळं गोडीगुलाबीने पार पडलं असं समजू नका. पोलंड रशियाला आणि सॅक्सनी प्रशियाला द्यायचं की नाही यावरून जेते एकमेकांवर उठले. ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि पराभूत फ्रान्स यांनी रशिया-प्रशियाविरुद्ध गुप्त करार केला. कालपरवाचा शत्रू दहा महिन्यांत साथीदार झाला. शेवटी प्रशियाने सॅक्सनीचा सुमारे दोन पंचमांश भाग घेऊन समाधान मानलं, झारने पोलंडचा काही हिस्सा सोडला. हद्दपार केलेला नेपोलियन एल्बा बेटाहून परतला तेव्हा पॅरिसमध्ये त्याला त्या गुप्त कराराची प्रत मिळाली आणि दोस्तांत फूट पडावी म्हणून त्याने ती झारकडे धाडली. तरी आघाडी तुटली नाही. झार अलेक्झांडरला राग आला नसेल असं नाही. पण त्या घडीला रागापेक्षा नेपोलियनची भीती मोठी होती.

यानंतर फ्रान्सला कसं वागवलं गेलं, ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण वाटतं. वॉटर्लूनंतर प्रशियाचे सेनानी आल्सेस आणि लॉरेनचे लचके तोडायला निघाले होते. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कॅसलरे आणि वेलिंग्टन यांनी ते होऊ दिलं नाही. नोव्हेंबर १८१५ च्या पॅरिस तहात फ्रान्सला १७९० च्या सीमा मिळाल्या, सत्तर कोटी फ्रँकची खंडणी बसली आणि दीड लाखांची परकी फौज जास्तीत जास्त पाच वर्षं ठेवायचं ठरलं. खंडणीची उरलेली रक्कम बेअरिंग आणि होप या पेढ्यांच्या मदतीने उभी राहिली, आणि १८१८ च्या शरदात एक्स-ला-शापेलच्या परिषदेने ठरवलं की फौज दोन वर्षं आधीच परत बोलवायची. त्याच परिषदेत फ्रान्स पाचवा सभासद म्हणून बरोबरीने बसला. आता फ्रान्स-प्रशिया युद्धानंतरचं १८७१ शेजारी ठेवा: पाचशे कोटी फ्रँकची खंडणी, आल्सेस आणि लॉरेनचा मोठा भाग गेला, आणि फ्रान्सच्या मनात चाळीस वर्षं सल राहिला. १८१५ ची माणसं जास्त दयाळू होती असं नाही. पाडाव झालेल्या राजाची बेइज्जती केली तर पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती होईल, हे त्यांना कळत होतं. पुराणमतवाद इथे संयमाच्या कामी आला.

हा संयम कुठवर लागू होता तेही सांगायला हवं. फ्रान्समधल्या त्या दीड लाखांच्या फौजेचा सरसेनापती वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली. फ्रान्सला सन्मानाने परत घेण्याची बोलणी एक्स-ला-शापेलला झाली त्याच्या काही महिने आधी, जून १८१८ मध्ये, दुसरा बाजीराव शरण आला होता. पेशवाई बरखास्त, वर्षाला आठ लाखांचं निवृत्तिवेतन आणि बिठूरला रवानगी. व्हिएन्नात सागरी हक्कांचा विषय कॅसलरेने चर्चेला येऊच दिला नव्हता. सत्तेचा तोल, परंपरागत हक्क, आधी विचारविनिमय, हे सारे नियम युरोपपुरते होते. समुद्रापलीकडे ब्रिटनला मोकळं रान हवं होतं आणि ते मिळालं. युरोपातली शांतता आणि आपल्याकडची इंग्रजी सत्ता एकाच दशकात पक्की झाली, हा निव्वळ योगायोग नव्हे.

आता १८१५ च्या दोन कागदांची गल्लत सोडवू, कारण ‘प्रतिगामी टोळी’ हा शिक्का त्यातूनच आला आहे. सप्टेंबरमधला ‘पवित्र संघ’ हा झारच्या धार्मिक मनाचा आविष्कार. रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशियाच्या राजांनी ख्रिस्ती बंधुभावाने वागायची शपथ घेतली. पुढे बहुतेक राजांनी सह्या केल्या, पण ब्रिटनचा युवराज, पोप आणि तुर्कस्तानचा सुलतान बाहेर राहिले. त्यात ना फौजेचा आकडा, ना सीमेचं कलम. कॅसलरेने त्याची खिल्ली उडवली आणि मेटर्निकलाही तो पोकळच वाटत होता. नोव्हेंबरमधला चतुःसत्ता करार हा खरा कामाचा कागद. त्याच्या सहाव्या कलमात ठरावीक काळाने एकत्र बसून समान हिताच्या विषयांवर बोलायचं ठरलं. शांततेच्या काळात नियमित भेटायचं, हे युरोपात पहिल्यांदाच घडत होतं. त्याच वर्षी व्हिएन्नात राजदूतांच्या श्रेणी ठरल्या आणि मान कोणाला आधी द्यायचा तर जो त्या दरबारी आधी रुजू झाला त्याला, असा नियम झाला. बारीकशी गोष्ट, पण मानपानावरून पूर्वी दूतांच्या गाड्या रस्त्यात अडत आणि तलवारी निघत, हे लक्षात घेतलं की तिचं मोल कळतं.

कलम सहामध्ये ‘समान हित’ कशाला म्हणायचं ते लिहिलेलं नव्हतं, आणि तिथेच सगळं फाटलं. १८२० मध्ये स्पेन, नेपल्स आणि पोर्तुगाल इथे एकामागोमाग उठाव झाले, सैन्याने राजांना राज्यघटना मान्य करायला लावल्या. मेटर्निकने आणि झारने ट्रोपाऊला परिषद भरवली. नोव्हेंबर १८२० च्या तिथल्या मसुद्यात रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशियाने जाहीर केलं की बंडातून सरकार बदललं तर ते राज्य युरोपीय मंडळातून बाहेर पडतं, आणि गरज पडल्यास बळाने त्याला परत ताळ्यावर आणलं जाईल. ब्रिटन आणि फ्रान्सने नुसते निरीक्षक पाठवले. कॅसलरेने तर मे महिन्यातच लेखी बजावलं होतं की ही आघाडी जगावर राज्य करायला किंवा दुसऱ्यांच्या अंतर्गत कारभारावर देखरेख ठेवायला स्थापन झालेली नाही.

इथे विद्यार्थी हमखास लिहितात की ब्रिटन उदारमतवादी होता म्हणून त्याने विरोध केला. असं लिहू नका. कॅसलरे हा आयर्लंडमधला १७९८ चा उठाव चिरडणाऱ्या कारभारातला माणूस. १८१९ मध्ये मँचेस्टरला सेंट पीटर्स मैदानावरच्या सभेवर घोडेस्वार घातले गेले (हेच ‘पीटर्लू’), त्यानंतर सभा आणि छपाईवर बंधनं घालणारे कायदे आले, तेव्हा तोच हाउस ऑफ कॉमन्समध्ये सरकारचा नेता होता. मेटर्निकने त्याच वर्षी कार्ल्सबाडला जर्मन विद्यापीठांवर आणि वृत्तपत्रांवर जे निर्बंध लादले त्यांच्याशी हे ताडून बघा. घरच्या राजकारणात दोघे फार लांब नव्हते. आणखी एक: ऑस्ट्रियाने नेपल्समध्ये स्वतःच्या कराराच्या हक्काने फौज घालायला कॅसलरेची हरकत नव्हती. सर्व सत्तांच्या नावाने, तत्त्व म्हणून, हस्तक्षेपाचा हक्क जाहीर करायला त्याची हरकत होती. लंडनच्या मंत्र्याला पार्लमेंटला उत्तर द्यावं लागत होतं, आणि इंग्लंडचं स्वतःचं राजघराणं १६८८ च्या क्रांतीमुळे गादीवर होतं. एकाच मताचे लोक, पण हितं वेगळी आणि उत्तरदायित्व वेगळं.

पुढचा भाग भराभर सांगतो. लायबाखच्या पुढच्या परिषदेत ठरल्याप्रमाणे मार्च १८२१ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेने नेपल्सचा उठाव मोडला. ऑगस्ट १८२२ मध्ये कॅसलरेने आत्महत्या केली आणि त्याच्या जागी कॅनिंग आला. त्याला या नियमित परिषदा आधीपासूनच खपत नव्हत्या. व्हेरोनाच्या परिषदेनंतर १८२३ मध्ये फ्रेंच फौज स्पेनमध्ये उतरली, ब्रिटनचा विरोध डावलून. राजे-मंत्र्यांनी नियमित जमायची पद्धत इथे संपली. पाठ्यपुस्तकातला १८२३ हा आकडा या अर्थाने बरोबर आहे. पण त्यावरून बड्या सत्तांचं सहकार्य संपलं असं म्हणाल तर चूक होईल, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा बेल्जियम आहे. तिथे मी जरा थांबतो.

१८१५ मध्ये फ्रान्सच्या उत्तर सीमेवर धरण बांधल्यासारखं हॉलंड आणि बेल्जियम एकत्र करून नेदरलँड्सचं राज्य बनवलं होतं. ऑरेंज घराण्याचा पहिला विल्यम राजा. जुलै १८३० मध्ये पॅरिसला क्रांती झाली, बूर्बाँ हे जुनं राजघराणं गेलं, लुई फिलिप आला. २५ ऑगस्टच्या रात्री ब्रसेल्समध्ये ऑपेराचा खेळ सुटल्यावर दंगल पेटली आणि महिन्याभरात तिचं स्वातंत्र्ययुद्ध झालं. विल्यमने बड्या सत्तांकडे फौजेची मदत मागितली. ट्रोपाऊच्या तत्त्वाने जायचं तर उत्तर सरळ होतं: बंड, परंपरागत राजा, हस्तक्षेप. झार निकोलस निघायच्या तयारीतही होता. फ्रान्सने प्रशियाला बजावलं की तुमची फौज बेल्जियममध्ये शिरली तर आमचीही शिरेल. युरोपव्यापी युद्ध व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

त्याऐवजी ४ नोव्हेंबर १८३० ला लंडनमध्ये पाच सत्तांची बैठक बसली. तीन निरंकुश राज्यं, एक क्रांतीतून आलेला राजा आणि थोड्याच दिवसांत सरकार बदलून सुधारणावादी व्हिग पक्षाच्या हाती गेलेला ब्रिटन. एका विचाराचे म्हणता येतील असे हे पाच जण मुळीच नव्हते. फ्रान्सच्या बाजूने शहात्तर वर्षांचा तालेराँ होता, व्हिएन्नात पराभूत फ्रान्सला टेबलावर जागा मिळवून देणारा तोच. सरकार बदलल्यावर यजमान झाला नवा ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टन. पहिल्याच बैठकीत युद्धविरामाची मागणी झाली आणि २० डिसेंबरला बेल्जियम वेगळं होणार हे तत्त्व मान्य झालं. पंचवीस वर्षांपूर्वीही नव्हे, अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी ते राज्य बांधलं त्यांनीच ते सोडवलं.

२० जानेवारी १८३१ चा मसुदा बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्यात बेल्जियमची सीमा आणि कायमची तटस्थता आहे. शिवाय पाचही सत्तांनी लिहून दिलं आहे की या प्रकरणात आम्ही जमिनीचा लाभ, खास वर्चस्व किंवा वेगळा फायदा शोधणार नाही. असंच कलम ग्रीसच्या प्रश्नावरच्या १८२७ च्या लंडन तहात आलं होतं. कॉन्सर्टचा गाभा कुठे सापडतो असं मला विचारलं तर मी मेटर्निकच्या भाषणांकडे पाठवणार नाही, या कलमांकडे पाठवीन. महिन्याभराने, १९ फेब्रुवारीच्या मसुद्यात एक वाक्य आलं: प्रत्येक राष्ट्राचे आपले हक्क आहेत, पण युरोपचाही आपला हक्क आहे.

कागदावरच्या या शब्दाची परीक्षा लगेच झाली. बेल्जियमच्या राष्ट्रसभेने लुई फिलिपच्या मुलाला, नमूरच्या ड्यूकला, राजा निवडलं. फ्रेंच राजाच्या घरात आणखी एक मुकुट चालत आला होता. लुई फिलिपने तो नाकारला, कारण घेतला असता तर ब्रिटनशी युद्ध होतं आणि युद्धात त्याची स्वतःची नवी गादी टिकली नसती. मग सॅक्स-कोबुर्गचा लिओपोल्ड राजा झाला: ब्रिटिश राजकन्येचा विधुर पती, आणि पुढच्या वर्षी लुई फिलिपचा जावई. ऑगस्ट १८३१ मध्ये डच फौज चालून आली तेव्हा फ्रेंच सेना बेल्जियमच्या मदतीला आत आली, डच हटले, आणि पामर्स्टनने तगादा लावल्यावर फ्रेंच परतही गेले. डिसेंबर १८३२ मध्ये अँटवर्पच्या किल्ल्यासाठी पुन्हा तसंच घडलं. जिंकलेल्या मुलखातून मोठ्या फौजेने दोनदा गुपचूप निघून जाणं, तेही फ्रान्सच्या फौजेने, ज्याच्यासाठी चौदाव्या लुईपासून सगळे लढले त्या मुलखातून! विल्यम अडून राहिला, त्यामुळे अंतिम तहाला १९ एप्रिल १८३९ उजाडला. बेल्जियमला लक्झेम्बुर्गचा आणि लिम्बुर्गचा काही भाग सोडावा लागला.

याची किंमत कोणी मोजली? झार निकोलसची फौज बेल्जियमकडे निघाली नाही याचं एक मोठं कारण म्हणजे २९ नोव्हेंबर १८३० ला वॉर्सात झालेला उठाव. रशियाने तो सप्टेंबर १८३१ पर्यंत चिरडला, पोलंडची राज्यघटना गेली, आणि पोलिश लोकांसाठी कोणतीही परिषद भरली नाही. कारण बेल्जियम सीमेवरचं होतं, पोलंड एका बड्या सत्तेच्या पोटात होतं. बड्यांना एकमेकांशी लढावं लागू नये याची सोय म्हणजे ही व्यवस्था. लहानांना न्याय मिळाला तर तो वाटेत मिळाला. ‘टोळी’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा आहे आणि शांततेचं कौतुक करताना तो झाकू नये.

आता मोडतोडीकडे. १८४८ मध्ये क्रांती युद्धाविनाच आली. १३ मार्चला मेटर्निक पडला आणि इंग्लंडला पळाला. पुढच्या वर्षी झार निकोलसने हंगेरीत फौज पाठवून ऑस्ट्रियाचं साम्राज्य वाचवलं. पुराणमतवादी बंधुभावाचा यापेक्षा मोठा दाखला नाही. मग पाच वर्षांत काय झालं ते बघा. तुर्कस्तानच्या प्रश्नावर निकोलसने गृहीत धरलं की ऑस्ट्रिया उपकार विसरणार नाही. ऑस्ट्रियाला मात्र डॅन्यूबच्या मुखाशी रशिया नको होता. क्रिमियाचं युद्ध पेटलं तेव्हा त्याने रशियाला डॅन्यूबकाठच्या मोल्दाविया आणि वॉलाशियातून बाहेर काढलं आणि डिसेंबर १८५५ मध्ये निर्वाणीचा खलिता देऊन तहाला आणलं. एकाच मताचे दोन सम्राट, पण हितं आडवी गेली तेव्हा मत कामाला आलं नाही. उलट १८३० मध्ये परस्परविरोधी मतांचे पाच जण एका टेबलावर टिकले होते. सत्ता पुराणमतवादी होत्या म्हणून एकत्र राहिल्या का, या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन उदाहरणांत आहे.

क्रिमियानंतर रशियाला १८५६ च्या तहाची व्यवस्था राखण्यात रस उरला नाही आणि ऑस्ट्रिया एकटा पडला. १८५९ मध्ये इटलीच्या प्रश्नावर परिषद बोलवायची बोलणी चालू होती, तेवढ्यात ऑस्ट्रियाने पीडमाँटला निर्वाणीचा खलिता धाडला. ज्यांच्या राजधानीत ही व्यवस्था जन्मली त्यांनीच धीर सोडला, आणि पीडमाँटचा पंतप्रधान काव्हूर व फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा यांना हवं होतं तेच हातात दिलं.

आणि मग प्रशियाचा मुख्यमंत्री बिस्मार्क. १८६२ मध्ये प्रशियात राजा आणि उदारमतवादी विधिमंडळ यांच्यात लष्कराच्या खर्चावरून कोंडी झाली होती. मेटर्निकच्या पिढीने अशा वेळी परदेशी भानगडी टाळल्या असत्या. बिस्मार्कने उलट केलं. जुलै १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाचा पराभव झाला आणि सप्टेंबरमध्ये त्याच विधिमंडळाने चार वर्षांचा बेकायदा खर्च मंजूर करून टाकला. त्याच वर्षी या पुराणमतवादी मंत्र्याने हॅनोव्हरच्या परंपरागत राजाला गादीवरून काढून राज्य प्रशियाला जोडलं. १८१५ च्या कसोटीने बघितलं तर हे क्रांतिकारकाचं काम. युद्धाने सिंहासन डळमळत नाही, बळकट होतं, हे त्याने सिद्ध करून दाखवलं; मग युद्ध टाळायचं जुनं कारण उरलं कुठे? युरोपच्या नावाने बोलणाऱ्यांबद्दल त्याने १८७६ मध्ये एका रशियन पत्राच्या समासात शेरा मारला की युरोप म्हणजे नुसती भूगोलातली संज्ञा. १८३१ च्या त्या वाक्याशेजारी हा शेरा ठेवला की पंचेचाळीस वर्षांत काय हरवलं ते दिसतं.

तरी बैठका थांबल्या नाहीत. बिस्मार्कनेच १८७८ मध्ये बर्लिनला परिषद भरवली आणि बल्गेरियाच्या प्रश्नावरून रशिया व ब्रिटनमध्ये होऊ घातलेलं युद्ध टळलं. त्याचं काम झालं होतं, त्याला आता शांतता हवी होती. १८७३ आणि १८८१ मध्ये त्याने तिन्ही सम्राटांना पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न केला, राजेशाहीच्या एकजुटीची जुनी भाषा वापरून. बाल्कनमध्ये ऑस्ट्रिया आणि रशियाची हितं आडवी आली आणि दोन्ही वेळा ती भाषा अपुरी पडली.

म्हणून शेवट कधी, याला एका तारखेचं उत्तर देऊ नका. परीक्षेत लिहायचं तर असं लिहा: नियमित परिषदांचा काळ १८२३ पर्यंत, एकमेकांना विचारल्याशिवाय नकाशा बदलायचा नाही हा नियम १८५४ ते १८७१ मध्ये मोडला, आणि संकटात बैठक बोलवायची सवय १९१३ पर्यंत टिकली. डिसेंबर १९१२ मध्ये बाल्कन युद्धावर लंडनला राजदूतांची बैठक बसली, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे अध्यक्ष होते. अल्बानियाचं नवं राज्य तिथे ठरलं, मॉन्टेनेग्रोला श्कोडर सोडायला लावलं गेलं. बर्लिनने व्हिएन्नाला आणि लंडनने पीटर्सबर्गला आवर घातला म्हणून ते जमलं. २६ जुलै १९१४ ला ग्रे यांनी ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली या चौघांची तशीच बैठक सुचवली. दुसऱ्या दिवशी बर्लिनने ती नाकारली: ऑस्ट्रियाला युरोपच्या न्यायालयापुढे उभं करायला आम्ही तयार नाही. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं.